आईच्या माहेराचा पत्ता : चिनी-अमेरिकन लेकी काय शोधतात आणि ते सापडणं इतकं अवघड का

अमेरिकेच्या जुन्या सरकारी दप्तरात 'वाँग शी', 'ली शी', 'चॅन शी' अशा नावांच्या असंख्य चिनी बायका भेटतात. सगळ्यांचंच नाव 'शी' कसं? तर ते नाव नव्हेच. जुन्या चिनी रिवाजात लग्न झालेल्या बाईची नोंद तिच्या माहेरच्या आडनावापुढे 'शी' लावून होत असे. 'ली शी' म्हणजे ली घराण्यातून आलेली. बोटीतून उतरलेल्या बाईला अधिकाऱ्याने नाव विचारलं, तिने रीतीप्रमाणे सांगितलं, त्याने तसंच लिहून घेतलं. तिची आई तिला काय म्हणून हाक मारायची, हे त्या कागदावर आलंच नाही.

आज त्या बाईची पणती तो कागद उघडते, तेव्हा तिच्या हाती एवढंच लागतं की पणजी ली घराण्यातली होती. कुठल्या गावची, कुणाची मुलगी, किती भावंडांतली, काही नाही.

गेली काही दशकं अनेक चिनी-अमेरिकन मुली आईकडचा वारसा शोधत आहेत. त्यातल्या कित्येक आता स्वतः आई किंवा आजी झाल्या आहेत. लांबून पाहणाऱ्याला यात भाषेचे क्लास, चिनी नववर्ष आणि चीनची एखादी सहल एवढंच दिसतं. खरा गुंता वेगळाच आहे. वडिलांकडचं शोधणं अवघड असतं, पण आईकडचं शोधणं त्याहून कितीतरी अवघड, कारण आईचं नाव दोन्ही देशांत गाळलं गेलं. चीनमध्ये ते घराण्याच्या वंशावळीने गाळलं आणि अमेरिकेत कायद्याने. या दोन्ही गोष्टी समजून घेतल्या की या लेकी स्वयंपाकघरात, दफनभूमीत आणि सरकारी अभिलेखागारात एकाच वेळी का शोधतात, ते उमगतं.

बायकांना बंद असलेलं दार

कॅलिफोर्नियात सोनं सापडल्याची बातमी १८४८-४९ मध्ये दक्षिण चीनच्या ग्वांगडोंग प्रांतात पोचली आणि पर्ल नदीच्या खोऱ्यातले पुरुष बोटीत बसले. त्यातले फार मोठ्या संख्येने तायशान आणि त्याच्या आसपासचे तीन अशा चार तालुक्यांतले. ते अमेरिकेला 'गाम सान', म्हणजे सोन्याचा डोंगर म्हणत. पुढे या लोकांनी सिएरा नेवाडाचे कडे फोडून रेल्वे नेली. १० मे १८६९ रोजी युटामधल्या प्रोमोंटरी इथे दोन्ही बाजूंचे रूळ जोडले गेले, त्यातल्या पश्चिमेकडच्या मार्गावर राबणाऱ्यांत बहुसंख्य चिनी होते.

बायका मात्र मागेच राहिल्या. थोडंसं रिवाजामुळे, कारण सुनेने सासू-सासऱ्यांची सेवा करायची आणि पूर्वजांचं करायचं ही अपेक्षा होती. पण पुढे कायद्यानेच दार लावलं. १८७५ च्या पेज कायद्याने वेश्याव्यवसायासाठी आणल्या जाणाऱ्या बायकांना बंदी केली आणि प्रत्यक्षात जवळजवळ प्रत्येक चिनी बाईकडे त्याच संशयाने पाहिलं जाऊ लागलं. हाँगकाँगमध्ये बोटीत चढण्याआधीच चारित्र्याची चौकशी व्हायची. मग १८८२ मध्ये चिनी मजुरांना बंदी करणारा कायदा आला. व्यापारी, विद्यार्थी, शिक्षक अशा मोजक्यांना सवलत होती, त्यामुळे बाई आलीच तर बहुतेक व्यापाऱ्याची बायको म्हणून येई. मजुराच्या बायकोला वाटच नव्हती.

परिणाम आकड्यांत दिसतो. १८९० च्या अमेरिकन जनगणनेत चिनी पुरुष १,०३,६२० आणि चिनी बायका ३,८६८. म्हणजे सुमारे सत्तावीस पुरुषांमागे एक बाई. १९२४ च्या कायद्याने तर अमेरिकन नागरिक असलेल्या चिनी माणसालाही चीनमधली बायको आणता येईना. आणि १९२२ च्या एका कायद्यानुसार, अमेरिकेत जन्मलेल्या मुलीने नागरिकत्वाला अपात्र परदेशी माणसाशी, म्हणजे चीनमध्ये जन्मलेल्या माणसाशी, लग्न केलं तर तिचं स्वतःचं अमेरिकन नागरिकत्व जाई. हे कलम १९३१ पर्यंत टिकलं. इथे जन्मलेल्या बाईला तिच्याच देशात परकी ठरवणारा हा नियम मला या सगळ्या इतिहासातला सर्वांत क्रूर वाटतो, आणि त्याचीच चर्चा सर्वांत कमी होते.

मग मागे राहिलेल्या बायकांचं काय झालं? नवरा दहा-पंधरा वर्षांतून एकदा यायचा, काही महिने राहायचा, मूल व्हायचं, तो पुन्हा जायचा. पैसे यायचे आणि पत्रं यायची. कैपिंग तालुक्यात त्या पैशांतून बांधलेली मनोऱ्यासारखी तटबंदीची घरं आजही उभी आहेत, २००७ मध्ये युनेस्कोने ती जागतिक वारसा यादीत घेतली. पर्यटक ती पाहून नवऱ्यांच्या कर्तबगारीचं कौतुक करतात. त्या घरांत राहिल्या होत्या बायका. शेती, सासर, मुलं, दरोडेखोरांची भीती आणि नंतर जपानी सैन्य, हे सगळं त्यांनी काढलं.

१९४३ मध्ये बंदी उठली, तीही वर्षाला १०५ जणांच्या कोट्यापुरती. खरा बदल झाला १९४६-४७ मध्ये, जेव्हा अमेरिकन नागरिकांच्या आणि युद्धावरून परतलेल्या सैनिकांच्या चिनी बायकांना येता येऊ लागलं. हजारो बायका आल्या. काही नवपरिणीत होत्या, तर काहींनी नवऱ्याला कित्येक वर्षं पाहिलेलंच नव्हतं. आज साठी-सत्तरीत असलेल्या अनेक चिनी-अमेरिकन स्त्रियांच्या आया याच.

खोटी नावं, खऱ्या पायऱ्या

१९०६ च्या एप्रिलमध्ये सॅन फ्रान्सिस्कोला भूकंप झाला, आग लागली आणि शहराची जन्मनोंदणीची दप्तरं जळाली. अमेरिकेत जन्मलेला माणूस नागरिक, हे सर्वोच्च न्यायालयाने १८९८ मध्ये वाँग किम आर्क यांच्या खटल्यात मान्य केलेलं होतं. त्यामुळे आता एखादा चिनी माणूस 'मी इथेच जन्मलो' म्हणाला तर तसं नाही हे सिद्ध करायला कागद उरला नाही. नागरिक झालेला माणूस चीनला जाऊन आला की 'मुलगा झाला' अशी नोंद करे. त्या नोंदीवर पुढे दुसऱ्याच कुणाचा तरी मुलगा यायचा. यांना 'कागदी मुलगे' म्हणत. आडनाव कागदावर एक, खरं दुसरंच.

हे रोखायला सॅन फ्रान्सिस्कोच्या खाडीतल्या एंजल आयलंडवर १९१० ते १९४० असं तीस वर्षं चौकशी केंद्र चाललं. प्रश्न असे की, गावात तुमच्या रांगेत किती घरं? विहीर कुठल्या बाजूला? तिसऱ्या घरात कोण राहतं? तांदळाची कोठी कुठे ठेवता? दाराला पायऱ्या किती? बाईला आणि तिच्या नवऱ्याला वेगवेगळं बसवून तेच प्रश्न विचारायचे आणि उत्तरं ताडून पाहायची. जुळली नाहीत तर परतीची बोट. लोक बोटीत बसून उत्तरांची वही पाठ करत आणि बंदर येण्याआधी ती समुद्रात फेकून देत.

या केंद्राच्या पुरुषांच्या बराकीत भिंतींवर कविता कोरलेल्या आहेत. दोनशेहून अधिक कविता आज नोंदलेल्या आहेत. बायकांच्या कविता? त्यांना प्रशासकीय इमारतीत ठेवलं जाई आणि ती इमारत १९४० च्या ऑगस्टमध्ये आगीत गेली. कुणी काही लिहिलं असेल तर तेही गेलं.

उरले ते चौकशीचे कागद. कॅलिफोर्नियात सॅन ब्रूनो इथे राष्ट्रीय अभिलेखागाराची शाखा आहे, तिथे अशा फायली जतन आहेत. त्यात फोटो, प्रश्नोत्तरं आणि कधी कधी गावाचा हाताने काढलेला नकाशाही सापडतो. ज्या यंत्रणेने या बायकांना अडवायचं ठरवलं होतं, तिनेच त्यांचा सर्वांत तपशीलवार लेखी माग जपून ठेवला.

इतिहासकार जूडी यंग (१९४६–२०२०) यांचं काम या बाबतीत पथदर्शक ठरलं. त्या सॅन फ्रान्सिस्कोच्या चायनाटाउनमध्ये वाढल्या. वडील कागदी मुलगा, त्यामुळे घराण्याचं आडनाव खरं तर टॉम, पण जगाला माहीत असलेलं यंग. त्यांनी आईकडची बाजू मागे मागे शोधत नेली, तेव्हा पणजी सापडली ती 'लिआँग शी' या नोंदीखाली. बांधलेल्या पावलांची ही बाई व्यापाऱ्याची बायको म्हणून १८९३ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोला आली होती. अमेरिका तिला मानवली नाही. १९०४ मध्ये मुलांना घेऊन ती चीनला परत गेली, नवरा मात्र इथेच राहिला. तिच्या वाट्याला आलेला एकांत, तिची पिढी, तिची लेक, नात असा माग काढत यंग यांनी सॅन फ्रान्सिस्कोच्या चिनी बायकांचा सगळा इतिहासच लिहून काढला. एका घरातून सुरुवात करून एवढं मोठं काम उभं राहिलं, याचं मला फार मोल वाटतं.

अशी फाईल वाचताना एक सांभाळावं लागतं. यातली नाती पुष्कळदा खोटी असतात. कागदावर जो दीर, तो प्रत्यक्षात नवरा असू शकतो. व्यापाऱ्याची 'बायको' म्हणून आलेली एखादी मुलगी खरं तर विकलेली मोलकरीण असू शकते. पण गावाचं वर्णन बहुधा खरं असतं, कारण पाठ करायला कुठलं तरी खरंच गाव लागायचं. म्हणून जाणकार सांगतात, आधी पायऱ्या आणि विहिरीवर विश्वास ठेवा, नावांवर नंतर.

वंशावळीत मुलगी नसते

आता चीनची बाजू. दक्षिण चीनमधल्या घराण्यांच्या वंशावळीच्या वह्या कधी कधी वीस-पंचवीस पिढ्या मागे जातात. मुलग्यांची नावं पिढीनुसार ठरलेल्या अक्षरांतून ठेवली जात, त्यामुळे नावावरून कोण कितव्या पिढीतला ते कळतं. मुलींना परंपरेने या वहीत जागा नसे, कारण त्या दुसऱ्या घरच्या होणार. सुनेची नोंद होई ती आडनाव आणि 'शी' अशी. आपल्याकडच्या अनेक जुन्या वंशावळींतही लेकींची घरं रिकामी असतात, त्यामुळे मराठी वाचकाला हे वेगळं समजावून सांगायला नको.

त्यात १९६६ नंतर सांस्कृतिक क्रांतीत जुनं ते सगळं वाईट ठरलं. वंशावळी जाळल्या गेल्या, पूर्वजांची देवघरं मोडली, थडगी फोडली. काही म्हाताऱ्यांनी वह्या लपवून वाचवल्या, काही प्रती परदेशातल्या नातेवाईकांकडे होत्या म्हणून तगल्या.

सॅन फ्रान्सिस्कोत १९९१ पासून चिनी-अमेरिकन तरुणांसाठी मुळं शोधण्याचा एक उपक्रम चालत आला आहे. इतिहासकार हिम मार्क लाय आणि अल्बर्ट चेंग यांनी तो उभा केला. मुलंमुली आधी काही महिने घरच्यांच्या मुलाखती घेतात, अभिलेखागारात बसतात, गावाचं नाव चिनी अक्षरांत मिळवतात आणि मग पर्ल नदीच्या खोऱ्यातल्या आपापल्या गावी जातात. गावाचं नाव अक्षरांत मिळणं महत्त्वाचं असतं, कारण इंग्रजी स्पेलिंग ज्याने जसं ऐकलं तसं लिहिलेलं असतं. शिवाय खुद्द तायशानचं नाव १९१४ पर्यंत शिन्निंग होतं. जुन्या कागदावर ते 'सनिंग' म्हणून दिसतं आणि आजच्या नकाशावर शोधणारी मुलगी चक्रावते.

इथेच लेकीच्या वाटेत आणखी एक वळण येतं. जुन्या चाकोरीत एका गावात बहुतेक एकाच आडनावाचे लोक राहत आणि एका आडनावात लग्न होत नसे. त्यामुळे बाई नेहमी बाहेरच्या गावातून यायची. मुलगी 'आपल्या गावाला' जाते ते वडिलांचं गाव. आईचं माहेर पाच-दहा किलोमीटरवर, पण दुसऱ्या आडनावाचं. आजीचं माहेर तिसरीकडे, पणजीचं चौथीकडे. वडिलांची वीस पिढ्यांची रेघ एका गावात सरळ उभी असते. आईची रेघ दर पिढीला गाव बदलते आणि ती कुठल्याच वहीत सलग सापडत नाही. ती जोडायची तर प्रत्येक पिढीतल्या कुणीतरी 'माझी आई अमक्या गावची' एवढं सांगून ठेवलेलं असावं लागतं.

त्यामुळे या लेकी थडग्यांकडे वळतात. सॅन फ्रान्सिस्कोच्या दक्षिणेला कोल्मा नावाचं गाव आहे, तिथे दफनभूमीच दफनभूमी आहेत. एप्रिलच्या सुरुवातीला, छिंगमिंग या पूर्वजांची थडगी पुसण्याच्या सणाच्या सुमाराला, चिनी कुटुंबं तिथे येतात. दगड पुसायचा, उदबत्त्या लावायच्या, तीन छोट्या पेल्यांत दारू ओतायची, भाजलेलं डुकराचं मांस आणि संत्री ठेवायची, कागदी नोटा जाळायच्या, तीनदा वाकून नमस्कार करायचा. अनेक जुन्या दगडांवर दोन भाषांत दोन नावं आहेत. इंग्रजीत कागदी आडनाव, चिनी अक्षरांत खरं. बाईच्या दगडावर चिनी अक्षरांत नवऱ्याचं खरं आडनाव आणि तिचं माहेरचं, दोन्ही मिळू शकतात, शिवाय गावही. जिवंतपणी सरकारच्या भीतीने जे बोलता आलं नाही ते दगडावर कोरून ठेवलं होतं, कारण ती अक्षरं अमेरिकन अधिकाऱ्यांना वाचता येत नव्हती. मुलगी दगडाचा फोटो काढते आणि अक्षरं जाणणाऱ्या कुणाला तरी दाखवते. कित्येकींना स्वतःचं खरं आडनाव असं कळलेलं आहे.

आया बोलत का नव्हत्या

मुलींची तक्रार ठरलेली असते की आई काही सांगायचीच नाही. कारणं समजून घेतली तर त्या गप्प राहण्यात नवल नाही. कागदी नात्याचं घर असेल तर मुलांच्या तोंडून खरं आडनाव शाळेत निघालं तरी हद्दपारीची भीती. १९५६ पासून काही वर्षं सरकारने 'कबुली द्या, नियमित करू' अशी योजना चालवली, तेव्हा तर एकाच्या कबुलीने दहा नातेवाईक उघडे पडत. ज्या बाईने खोलीत बसून दाराच्या पायऱ्यांचा हिशेब दिला, तिला म्हातारपणी नातीने टेपरेकॉर्डर लावून प्रश्न विचारले तर तिचा घसा कोरडा पडणारच.

१९६५ च्या कायद्याने वंशावर आधारलेले कोटे गेले आणि वेगळ्या प्रकारच्या आया आल्या. आधी मुख्यतः तैवान-हाँगकाँगमधून, १९७९ नंतर चीनच्या मुख्य भूमीवरूनही. याच कायद्याने भारतीयांनाही वाट मोकळी केली, अमेरिकेतली बहुतेक जुनी मराठी घरं त्याच दारातून आत गेलेली आहेत. या चिनी आयांतल्या अनेकींनी लहानपणी जपानशी युद्ध, मग यादवी, १९४९ मध्ये कम्युनिस्ट सत्तेवर आले तेव्हाची पळापळ पाहिलेली. नंतरच्या आयांनी सांस्कृतिक क्रांती. लेकीला सुखात वाढवायचं तर ते मध्ये आणायचं नाही, असं त्यांनी ठरवलं होतं. मला वाटतं ते गप्प राहणं हाही त्यांच्या दृष्टीने लेकीला दिलेला हातभारच होता, लेकीला तो दुरावा वाटला एवढंच.

आणि आईचा वारसा म्हणजे फक्त चीन नव्हे, हेही या मुलींना उशिरा कळतं. चायनाटाउनमधल्या शिवणकामाच्या कारखान्यांत हजारो आया तुकड्यावर मजुरी करत. शाळा सुटली की मुली कपड्यांच्या ढिगावर बसून अभ्यास करायच्या, आईला धागे कापायला मदत करायच्या. १९८२ च्या जूनमध्ये न्यूयॉर्कच्या चायनाटाउनमध्ये मालकांनी नवा करार नाकारला तेव्हा सुमारे २०,००० कामगार रस्त्यावर उतरले, बहुतेक सगळ्या चिनी बायका, आणि त्यांनी करार करवून घेतला. 'चिनी बायका मुकाट राबतात' असं मालकच काय, कामगार संघटनेतले लोकही धरून चालले होते. ज्या लेकीला आई भित्री वाटायची, तिला आपली आई त्या मोर्च्यात होती हे कळणं हाही वारसाच सापडणं आहे.

न्यूयॉर्कमध्ये १९८० मध्ये काही तरुणांनी चायनाटाउनचा इतिहास गोळा करायला सुरुवात केली, ते लोकांनी फेकून दिलेल्या वस्तूंपासून. जुन्या पाट्या, पत्रं, फोटो, लाँड्रीतली हत्यारं. त्यातूनच आजचं अमेरिकेतल्या चिनी लोकांचं संग्रहालय उभं राहिलं. तोवर हे सगळं कचऱ्यात जात होतं.

भाषा कुठली शिकायची?

मुलगी ठरवते, चिनी शिकू. कॉलेजात शिकवली जाते मँडरिन, म्हणजे चीनची अधिकृत भाषा. वर्षभर घासून ती आजीकडे जाते आणि आजीला काही कळत नाही, कारण आजी बोलते तायशानी. तायशानी ही कँटनीजची, म्हणजे ग्वांगडोंग-हाँगकाँगकडच्या भाषेची, नातेवाईक, पण नुसती कँटनीज येणाऱ्यालाही ती नीट कळत नाही. १९६० च्या दशकापर्यंत अमेरिकेतल्या चायनाटाउनमध्ये हीच बोली चालायची. नंतर हाँगकाँगच्या लोकांमुळे कँटनीज आणि मग मुख्य भूमीच्या लोकांमुळे मँडरिन वरचढ झाली. तायशानीचे वर्ग शोधूनही सहसा मिळत नाहीत. त्यामुळे काही मुली आजीचं बोलणं मोबाइलवर रेकॉर्ड करून त्यावरूनच शिकतात.

लिपीचीही अशीच गोष्ट. चीनने १९५६ पासून सोपी केलेली अक्षरं आणली. आजीच्या पेटीतली पत्रं जुन्या, पूर्ण अक्षरांत आहेत. आज चीनमध्ये शिकून आलेल्यालाही ती वाचताना अडखळायला होतं. माझं मत विचाराल तर भाषा निवडताना नोकरीला काय उपयोगी हे बाजूला ठेवून आई कुठल्या भाषेत रागावते ते बघावं.

बांबूच्या पानातला भात

विचारून जे निघत नाही ते काम करताना निघतं. पाचव्या चांद्र महिन्याच्या पाचव्या दिवशी कँटनीज आणि तायशानी घरांत 'जुंग' करतात. बांबूची सुकी पानं आदल्या रात्री भिजत घालायची, सकाळी दोन्ही बाजूंनी पुसून धुवायची. चिकट तांदूळ भिजवलेला, मुगाची सालं काढलेली डाळ भिजवलेली, डुकराच्या मांसाचे मसाल्यात मुरवलेले तुकडे, बदकाच्या खारवलेल्या अंड्याचा लालसर बलक. दोन पानं एकमेकांवर सरकवून घ्यायची, तळाशी मुडपून कोन करायचा, त्यात तांदूळ, डाळ, मांस, बलक, वरून पुन्हा डाळ-तांदूळ. पानाची टोकं दुमडून झाकायचं आणि दोऱ्याने बांधायचं. सैल बांधलं तर पाणी शिरून पिचपिच होते, आवळून बांधलं तर तांदूळ फुगून पान फाटतं. मग मोठ्या पातेल्यात कित्येक तास उकळत ठेवायचं.

आईला माप विचारलं तर ती 'बघून घाल' म्हणते. मुलगी गुपचूप वाटीने मोजून घेते. पण तीन-चार तास टेबलापाशी हात गुंतलेले असताना, समोरासमोर न बघता, आई बोलायला लागते. हा दोरा दातात धरायला कुणी शिकवलं, त्या वर्षी तांदूळच नव्हता तेव्हा काय केलं, मोठ्या मावशीचं लग्न कुठल्या गावात झालं. माहेरच्या गावाचं नाव असं निघतं. तोंडी इतिहास गोळा करणाऱ्यांनाही हा अनुभव असतो की हाताला काम असलं की म्हातारं माणूस मोकळं होतं.

दुसरी वेळ येते ती लेकीच्या स्वतःच्या बाळंतपणाची. चिनी रीतीत बाळंतिणीने महिनाभर बाहेर पडायचं नाही, गार पाण्यात हात घालायचा नाही, गार खायचं नाही, जुन्या कडक रीतीत केसही धुवायचे नाहीत. कँटनीज घरांत डुकराचे पाय, भरपूर आलं आणि उकडलेली अंडी काळ्या गोडसर शिरक्यात (व्हिनेगरमध्ये) शिजवून ठेवतात. बाळ जन्मायच्या आधीपासूनच आलं-शिरका मातीच्या भांड्यात मुरत असतो आणि नंतर तो नातेवाइकांना वाटतात. महिना झाला की लाल रंगवलेली अंडी आणि आलं घेऊन पाहुण्यांना जेवण. आयुष्यभर आईचे रिवाज टाळत आलेल्या मुलीही या महिन्यात आईच्या हवाली होतात, असं अनेकींनी सांगितलं आहे. केस न धुण्यावरून भांडणं होतात ती होतातच. डॉक्टरांचं ऐकायचं की आईचं, यातून प्रत्येक घर आपापली वाट काढतं.

सगळंच घ्यायचं असंही नाही. याच वारशात पावलं बांधणं होतं, मुलगी झाली म्हणून तोंड पाडणं होतं, भावाला आधी वाढणं होतं. कित्येक आयांना स्वतःलाच ते नको होतं. अमेरिकेत येण्याचा एक आनंद त्यांच्या लेखी तोही होता. त्यामुळे लेकीने आईचं माहेर शोधताना आईने मागे काय मुद्दाम सोडलं, तेही विचारायला हवं. काही घरांनी आता वंशावळ नव्याने लिहिताना लेकींची पूर्ण नावं घातली आहेत, सुनांची त्यांच्या माहेरच्या नावासह. मला हा बदल परंपरेत ढवळाढवळ वाटत नाही, वही आता कुठे पूर्ण होते आहे.

जिच्या आईचं आडनावही ठाऊक नाही

शेवटी त्या मुली, ज्यांच्या बाबतीत हे सगळं टोकाला जातं. चीनने एक मूल धोरण १९८० च्या सुमारास सुरू केलं आणि ते २०१५ पर्यंत चाललं. ग्रामीण भागात मुलग्याची अपेक्षा, दंडाची भीती आणि जबरदस्ती, यातून मुली बाजाराच्या कोपऱ्यावर, अनाथाश्रमाच्या किंवा दवाखान्याच्या दाराशी ठेवल्या गेल्या. १९९२ पासून परदेशी कुटुंबांना दत्तक घेता येऊ लागलं. अमेरिकेत अशी ८० हजारांहून जास्त मुलं आली, बहुतेक मुली. वाढवणारी आई बहुतेकदा गोरी, जन्मदात्रीचा मागमूस नाही. आडनावही अनाथाश्रमाने दिलेलं, कधी गावावरून तर कधी त्या वर्षी दाखल झालेल्या सगळ्या बाळांना एकच.

त्यांच्याकडे पुरावा असतो तो अगदी थोडा. मूल परदेशी देण्याआधी तिथल्या वर्तमानपत्रात फोटोसह जाहिरात द्यावी लागे की अमक्या दिवशी अमक्या ठिकाणी हे मूल सापडलं, कुणाचं असेल तर संपर्क साधावा. त्या जाहिराती आता शोधल्या जातात. काहींच्या कपड्यात लाल कागदावर जन्मतारीख आणि वेळ लिहिलेली चिठ्ठी होती. कुणीतरी बाळाची जन्मवेळ लिहून ठेवण्याइतकी आशा धरली होती, एवढं त्यातून कळतं. सापडल्याच्या जागा मात्र कागदावर नेहमी खऱ्या असतात असं नाही, काही ठिकाणी अनाथाश्रमांनी बाळांसाठी पैसे दिल्याचंही उघड झालं होतं. डीएनए चाचण्या आल्यापासून दोन्ही बाजूंनी नमुने दिले तर जुळणी होऊ शकते, आणि काही मायलेकी, काही बहिणी अशा भेटल्याही आहेत. अडचण अशी की त्या आयांपैकी फार थोड्यांना असा नमुना देता येतो हे ठाऊक आहे, आणि ज्यांना ठाऊक आहे त्यांच्या मनात अजून शिक्षेची भीती आहे.

२०२४ मध्ये चीनने जवळच्या नात्यातले अपवाद वगळता परदेशी दत्तक देणं बंद केलं. त्याआधी परदेशी गेलेल्या बहुतेक मुली आता विशी-तिशीत आहेत. 'शी' म्हणून नोंदलेल्या पणज्या केव्हाच गेल्या, पण या मुलींच्या आया बहुधा हयात आहेत, पन्नाशी-साठीच्या असतील. गावोगाव चिनी अक्षरांत छापलेली पत्रकं घेऊन, बाळपणीचा फोटो आणि सापडल्याची तारीख दाखवत या मुली बाजारात उभ्या राहतात, तेव्हा त्या जिवंत माणसाला शोधत असतात.